घराची घडी कोणीं बसवावी?

कपड्याची घडी कशी घालावयाची हें लहान मुलासहि ठाऊक असतें. कोपऱ्यास कोपरा जुळवावा, सुरकुती हातानें सारखी करावी, आणि ज्या जागेचें वस्त्र त्या जागीं ठेवून द्यावें. आपल्या मराठी भाषेनें हाच शब्द संसारासहि लावला आहे. घराची घडी बसली, घराची घडी विस्कटली, असें आपण सहज बोलून जातों. कपड्याची घडी आपोआप बसत नाहीं, तिला कोणाचे तरी हात लागतात, हें आपण जाणतों. घराच्या घडीसहि कोणाचे तरी हात लागतात, हें मात्र विसरतों. ते हात कोणाचे, आणि नेहमीं तेच कां, या प्रश्नाचा विचार विद्यार्थी व त्यांचे पालक यांनीं एकत्र बसून करावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आरंभीं माझी एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत नववीची एक मुलगी होती. आठवड्यांतून दोनतीनदां तरी ती प्रार्थनेची घंटा होऊन गेल्यावर येई. केस ओले, दप्तराचा पट्टा तुटलेला, वही कधीं आणलेली तर कधीं घरीं राहिलेली. तिचा भाऊ तिच्याहून एका वर्षानें मोठा; तो दहावींत होता. तो रोज घंटेपूर्वीं दहा मिनिटें हजर असे. गणवेशास इस्तरी, वह्यांस कव्हरें, डबा स्वच्छ रुमालांत बांधलेला. एके दिवशीं मीं भर वर्गांत त्या मुलीस म्हटलें, "एकाच घरांत वाढलेलीं तुम्ही भावंडें. भावाच्या अंगीं जी टापटीप आहे ती तुझ्या अंगीं कां नसावी?" ती कांहीं बोलली नाहीं. खालीं पाहून आपल्या जागेवर जाऊन बसली.

पुढच्याच आठवड्यांत कांहीं कागदांवर पालकांची सही हवी होती म्हणून, भर पावसांत, मी पौडच्या पलीकडे तिच्या घरीं गेलों. आई कारखान्यांत कामास, तिची गाडी पहांटे साडेपांचास. वडील टेंपो चालवीत; ते मध्यरात्रीं येत आणि सकाळीं झोंपलेले असत. पाणी भरणारी, भाकऱ्या थापणारी, धाकट्या भावास न्हाऊं घालून शेजारच्या आजींकडे पोंचविणारी ती मुलगीच. मोठ्या भावाच्या गणवेशास इस्तरी करणारी तीच, त्याचा डबा रुमालांत बांधणारी तीच, आणि वह्यांना कव्हरें घालणारीहि तीच. ज्या टापटिपीची मीं भर वर्गांत स्तुति केली होती ती त्या मुलाची नव्हतीच. ती त्याच्या बहिणीची होती. तीं दोघें भावंडें आतां मोठीं झालीं आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेंच ही हकीकत येथें देत आहें.

वेळेवर येईल तो शिस्तीचा आणि उशिरा येईल तो बेशिस्त, इतका सोपा हिशेब आम्ही शिक्षक रोज मांडतों. परंतु एकाच्या टापटिपीचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडत असेल, तर त्या टापटिपीस सद्गुण म्हणावें काय? माझें मत असें झालें आहे कीं, घराची व्यवस्था हा आधीं न्यायाचा प्रश्न आहे आणि मग सोयीचा. ज्या घरांत कामाची वांटणी न्यायानें झालेली नाहीं, तेथें भिंतीवर कितीहि वेळापत्रकें चिकटविलीं तरी घडी बसणार नाहीं. बसली तरी ती कोणा एकाच्या पाठीवर बसेल.

आपल्या मुळशी तालुक्यांतील जुन्या घरांना वेळापत्रक शिकवावें लागत नसे. तें भाताच्या पिकानेंच घालून दिलेलें असे. उन्हाळ्यांत राब भाजावयाचा, मृगाच्या सुमारास रोपांसाठीं बीं पेरावयाचें, पाऊस लागला कीं आवणी, आणि दिवाळीच्या मागेंपुढें कापणी व झोडणी. आंबेमोहोराचा वास ज्या घराच्या कणगीस येई, त्या घरांतील लहान मुलासहि आज आपलें काम कोणतें हें ठाऊक असे. आवणीच्या दिवसांत खाचरांत कोणीं उतरावयाचें, गुरांमागें कोणीं जावयाचें आणि बांधावर न्याहारी कोणीं न्यावयाची, हें ठरविण्यास सभा भरवावी लागत नसे. त्या काळास मी सोन्याचा मुलामा देत नाहीं. त्याहि काळीं दिवसभर इरल्याखालीं वांकून रोपें लावलेल्या बाईसच सायंकाळीं चूल पेटवावी लागे, आणि पुष्कळ मुलांचें शिक्षण गुरांमागें जाऊनच संपे. सांगावयाचें तें इतकेंच कीं, घरचें काम सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें आणि त्यांत प्रत्येकाचा हात होता.

ही घडी एकदां मोडली ती धरणामुळें. वीजनिर्मितीसाठीं टाटा कंपनीनें मुळशीस धरण बांधावयास घेतलें, तेव्हां १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं येथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट यांचें नांव त्या लढ्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. सत्याग्रह झाला तरी धरणहि झालें, आणि खोऱ्यांतील भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं. ज्यांचें शेत गेलें त्यांचें वर्षाचें वेळापत्रकहि त्याबरोबर गेलें.

आज तीच गोष्ट कोणत्याहि लढ्यावांचून, हळूंहळूं घडत आहे. हिंजवडीच्या संगणक कंपन्या याच तालुक्यांत आहेत. पिरंगुटचे कारखाने आपल्या शेजारीं आहेत. कित्येकांनीं शेतें विकलीं, कित्येकांनीं शेत ठेवून नोकरी धरली. नोकरी वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. तिच्यामुळें पुष्कळ घरांतील मुलें आज या शाळेंत शिकत आहेत. परंतु पूर्वीं सर्व घराचें एक घड्याळ होतें, आतां एका घरांत चार घड्याळें झालीं आहेत. वडिलांच्या पाळीचें एक, आईच्या पाळीचें दुसरें, शाळेचें तिसरें, शिकवणीचें चौथें. आणि मोबाईल म्हणून जी वस्तु सर्वांच्या हातीं आहे तिला तर घड्याळच नाहीं. हीं चारहि घड्याळें एकमेकांशीं जुळविण्याचें काम कोणाकडे येतें? बहुतेक घरांत तें आईकडे येतें, आणि आई कामास गेली कीं थोरल्या मुलीकडे.

ही केवळ माझी समजूत नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर एक पाहणी केली आणि सहा वर्षें व त्यावरील वयाचीं माणसें दिवसाचा वेळ कसा घालवितात याची नोंद घेतली. १०० स्त्रियांपैकीं सुमारें ८१ स्त्रिया रोज बिनमोल घरकाम करतात असें आढळलें. १०० पुरुषांपैकीं अशीं कामें करणारे सुमारें २६ निघाले. जे करतात त्यांच्यांतहि स्त्रियांचा वेळ दिवसास सरासरी २९९ मिनिटें, आणि पुरुषांचा ९७ मिनिटें. म्हणजे स्त्रीचे पांच तास, तर पुरुषाचा दीड तासाहून थोडा अधिक. या आंकड्यांत आपल्या घरचीं मिनिटें कोठें बसतात, हें प्रत्येकानें आपल्यापाशीं पाहावें.

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं स्वतःच्या घराकडे पाहणें मला प्राप्त आहे. माझें शिक्षण मिशनच्या वसतिगृहांत झालें. पहांटे पांचास घंटा होई. अंगण झाडणें, पाणी भरणें, धान्य निवडणें, भांडीं घासणें, आजारी मुलाजवळ बसणें, या सर्व कामांच्या पाळ्या फळ्यावर लिहिलेल्या असत. यांतील प्रत्येक काम मीं अनेक वर्षें केलेलें आहे. परंतु सुटींत घरीं गेलों आणि हौसेनें केरसुणी उचलली, तर आई ती माझ्या हातून काढून घेई व म्हणे, "अरे, बहीण आहे ना घरांत?" पुढें लग्न झालें. माझी पत्नीहि शिक्षिका आहे. आम्ही दोघें एकाच वेळीं शाळेंतून घरीं येत असूं. आल्याबरोबर मी वर्तमानपत्र उचलीत असें, आणि ती कणकेची परात. वसतिगृहानें जें शिकविलें तें घंटेबरोबरच थांबलें, कारण घरीं घंटा नव्हती. आणि घंटेवांचून उठावें असें मला कोणीं सांगितलें नव्हतें, किंवा मीं ऐकलें नव्हतें.

त्या मुलीच्या घरून परत आलों त्या रात्रीं आम्ही नवराबायको व आमचीं दोन मुलें कागद घेऊन बसलों, आणि आठवड्याभरांत घरांत जीं जीं कामें होतात तीं लिहून काढलीं. पाणी तापविण्यापासून विजेचें बिल भरण्यापर्यंत ४६ कामें निघालीं. प्रत्येकापुढें करणाऱ्याचें नांव घातलें. माझ्या नांवापुढें ५ आलीं, मुलीच्या नांवापुढें ९, मुलाच्या नांवापुढें १, तें म्हणजे सायकल पुसणें. उरलेलीं ३१ त्यांच्या आईचीं. कागद मध्यें पडला होता आणि कोणी बोलेना. शेवटीं आमचा मुलगा, तेव्हां तेरा वर्षांचा, म्हणाला, "बाबा, सायकल तर माझीच आहे." त्याचें म्हणणें मला समजलें. त्याच्या नांवापुढें जें एक काम होतें तेंहि घराचें नव्हतें.

तेव्हांपासून जें आम्ही शिकलों, आणि ज्या घरांनीं माझ्या सांगण्यावरून असा प्रयत्न केला त्यांच्याकडून जें समजलें, तें थोडक्यांत मांडतों.

पहिली गोष्ट, कामें लिहून काढावीं आणि सर्वांनीं मिळून वांटून घ्यावीं. लिहिलेलें नसतें तें काम केवळ करणाऱ्यासच दिसतें. आठवड्यांतून एक दिवस, सर्व जण घरीं असतील अशा वेळीं, पंधरा मिनिटें बसावें. पुढील आठवड्यांत कोणाची पाळी केव्हां, परीक्षा कोणाची, पाहुणे कोण, हें आधीं सांगावें आणि मग कामें वांटावीं. येथें वडिलांनीं हुकूम सोडूं नये. ज्या मुलास वांटणींत बोलावयास मिळालें, तें मूल आपला शब्द पाळण्याचा निदान प्रयत्न तरी करतें. मोशे एकटाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे तोडीत बसला असतां त्याच्या सासऱ्यानें त्यास काय सांगितलें, हें पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस ठाऊक आहे: तूंहि थकशील आणि हे लोकहि थकतील, याकरितां सहस्र, शत, पन्नास व दहा यांवर माणसें नेम, असा त्या सल्ल्याचा भाव होता. कित्येक घरांतील आई आज त्या मोशेच्या जागीं आहे, आणि सासऱ्याचा सल्ला देणारें तिला कोणी भेटलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट, काम संपूर्ण द्यावें. 'आईला मदत कर' हें वाक्य मला हल्लीं खटकतें. मदत म्हटली कीं काम आईचें ठरलें आणि करणारा उपकारकर्ता झाला. पाणी भरण्याचें काम मुलाकडे दिलें असेल तर नळ केव्हां येतो हें लक्षांत ठेवणें, हंडे घासून ठेवणें, आणि पाणी येणार नसेल तर आदल्या दिवशीं भरून ठेवणें, हें सर्व त्याचेंच. 'पाणी भरलेंस का?' असें आईस दोनदां विचारावें लागलें तर अर्धें काम तिच्याचकडे राहिलें असें समजावें. हातांच्या कामापेक्षां आठवण ठेवण्याचें काम अधिक थकवितें, आणि तेंच आपण बहुधा आईकडे ठेवून देतों.

तिसरी गोष्ट, मुलानें केलेलें काम पुन्हां करूं नये. माझ्या मुलानें पहिल्यांदां भांडीं घासलीं तेव्हां कढईच्या कडेस तेल तसेंच होतें. त्याच्या आईनें ती उचलून पुन्हां घासावयास घेतली, तेव्हां मुलीनें तिचा हात धरला. बरोबरच केलें. पोळीचा नकाशा झाला तरी ती पोळी खावी, दोष असेल तर दुसऱ्या दिवशीं शांतपणें दाखवावा. जें काम आपल्यामागून पुसून टाकलें जातें तें कोणीहि मन लावून शिकत नाहीं.

चौथी गोष्ट, वस्तूस जागा असावी. आमच्या शाळेंत दर जून महिन्यांत एक देखावा दिसतो. पालक धांवत येतात. कोणाजवळ जन्माचा दाखला नाहीं, कोणाचें आधार कार्ड सांपडत नाहीं, कोणाचा जातीचा दाखला गेल्या वर्षीं काढला होता परंतु कोठें ठेवला हें आठवत नाहीं. एका कागदापायीं दिवसाची मजुरी बुडते, आणि कधीं कधीं मुलाची शिष्यवृत्तीहि जाते. घरांत एक पत्र्याची पेटी किंवा एक पिशवी अशी असावी कीं, तींत सर्वांचे दाखले राहतील, आणि काढलेला कागद त्याच दिवशीं परत जाईल. त्या पेटीचा कारभार आठवीनववींतील मुलाकडे द्यावा. पुढें आयुष्यभर त्यास त्याचा उपयोग होईल. कोणी म्हणतील, आमचें घर एका खोलीचें, तेथें जागा कोठून आणावी? परंतु किल्लीसाठीं खिळा, दप्तरासाठीं कोपरा आणि रात्रींच भरून ठेवलेलें दप्तर, एवढ्यास मोठें घर लागत नाहीं. उलट खोली जितकी लहान तितकी व्यवस्थेची गरज अधिक.

पांचवी गोष्ट मोबाईलची. तिच्याविषयीं पालक माझ्याकडे फार तक्रारी आणतात, म्हणून थोडक्यांत सांगतों. रात्रीं ठराविक वेळीं घरांतील सर्व मोबाईल एका जागीं ठेवावे. 'सर्व' या शब्दांत वडिलांचाहि मोबाईल आला. ज्यास कामाच्या फोनाची वाट पाहावयाची असेल त्यानें तसें बोलून दाखवावें. जो नियम मोठ्यांस लागू नाहीं त्याला मुलें नियम मानीत नाहींत, जबरदस्ती मानतात. आणि तें त्यांचें चुकतें असें मला वाटत नाहीं.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप अभ्यासाचा. "दहावीचें वर्ष आहे, त्यास काम सांगूं नका," असें पालक म्हणतात. मी विचारतों, हा नियम मुलीच्या दहावीसहि लागू आहे ना? बहुतेक वेळां उत्तर मिळत नाहीं. दिवसांतील अर्धा तास घरकामांत गेल्यानें कोणी नापास झाल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. याच पुणे जिल्ह्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं उभारलेलें मुक्ति मिशन आहे. रमाबाईंनीं १८८२ सालीं 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, तेव्हां गृहव्यवस्थेचा उपदेश स्त्रियांस उद्देशूनच होता. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्य प्रांतांतून निराधार मुली आणल्या, आणि हळूंहळूं केडगांवीं एक मोठें कुटुंबच उभें राहिलें. तेथें शिक्षण आणि काम यांची फारकत नव्हती. विणकाम, शेती, गोठा, स्वयंपाक, छापखाना, सर्व त्या मुलींच्या हातीं होतें. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें जें मराठी भाषांतर केलें, त्याचे खिळे जुळविणारे आणि पानें छापणारे हात तेथील मुलींचेच होते. काम केल्यानें त्यांची बुद्धि मंदावली नाहीं, उघडली.

दुसरा आक्षेप प्रेमाचा. घरांत अशा पाळ्या लावल्या तर घराचें कार्यालय होईल, प्रेम आटेल, असें कांहीं म्हणतात. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि मी तो हसण्यावारीं नेत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, रेव्हरंड टिळकांचें घर वेळापत्रकावर चालणारें नव्हतें, आणि तरीहि त्या घरांत अनेकांस आसरा मिळाला. परंतु तेंच पुस्तक पुन्हां वाचून पाहावें. त्या उदारपणाचा भार कोणीं उचलला, ऐन वेळीं घर कोणीं सांभाळलें, याचें उत्तर पानापानांवर आहे. लक्ष्मीबाई हंसत हंसत सांगतात म्हणून तो भार हलका होता असें नव्हे.

शिवाय व्यवस्था ही प्रेमास वेळ मिळावा म्हणूनच असते. इंग्लंडांत जॉन वेस्ली व चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना वेस्ली हिला एकोणीस मुलें झालीं, त्यांतील दहा जगलीं. इतक्या मुलांच्या गलक्यांत तिनें आठवड्यांतील संध्याकाळीं वांटून दिल्या होत्या, आणि ज्याची संध्याकाळ त्याच्याशीं ती एकटी बसून बोलत असे. तिनें वेळ वांटला नसता तर सर्वांत मोठ्यानें रडणाऱ्यासच आई मिळाली असती. प्रभु येशूनें रानांत पांच हजारांस जेवूं घातलें, तेव्हांहि त्यानें आधीं लोकांस शंभर शंभर व पन्नास पन्नास असे पंक्तींनीं बसविलें, आणि शेवटीं उरलेले तुकडे गोळा करविले. भुकेल्यांचा कळवळा आणि पंक्तींची व्यवस्था, दोन्हीं त्या एकाच प्रसंगांत आहेत. पंक्ति लावल्या नसत्या तर जे धट्टेकट्टे होते तेच पुढें घुसले असते आणि बायकामुलें मागें राहिलीं असतीं. घरांतहि असेंच होतें.

आतां मुलग्यांनो, तुमच्याशीं दोन शब्द बोलतों. केरसुणी हातीं धरली तर मित्र हंसतील, ही भीति मी जाणतों. मीहि ती बाळगली होती. परंतु जेवणाच्या पंक्तीवरून उठून, कमरेस रुमाल बांधून, शिष्यांचे धुळीनें भरलेले पाय धुणारा गुरु आम्ही ख्रिस्ती लोक प्रभु म्हणून मानतों. तुमच्यांतील वारकरी घरांतल्या मुलांनींहि ऐकलें आहे कीं, जनाबाईचें जातें ओढावयास प्रत्यक्ष विठ्ठल बसत असे. ज्या कामास देवानें हात लावला असें आपण दोघेहि मानतों, त्या कामानें तुमचा हात मळणार नाहीं. आणि मुलींनो, तुम्हांस सांगावयाचें तें वेगळें आहे. सर्व सोसून गप्प बसणें म्हणजेच चांगुलपणा, असें समजूं नका. शाळेस उशीर कां होतो हें विचारल्यास खरें कारण सांगा. त्या मुलीनें मला तें सांगितलें नाहीं याचा दोष मी तिला देत नाहीं. मीं तें तिला कधीं विचारलेंच नव्हतें.

मातांसहि एक विनंति आहे. मुलाच्या हातांतील केरसुणी काढून घेऊं नका. माझ्या आईनें ती प्रेमानेंच काढून घेतली, परंतु त्या प्रेमाची किंमत पुढें दुसऱ्या एका स्त्रीनें चौदा वर्षें भरली. वडिलांस तर काय सांगावें? तुमचा मुलगा तुमचें बोलणें ऐकणार नाहीं, तुमचे हात पाहील. तुम्ही जेवून उठतांना आपलें ताट उचललें, तर उद्यां तोहि उचलील.

त्या मुलीच्या घरीं पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. फार मोठें कांहीं झालें नाहीं. मीं आधीं वर्गासमोरच तिची क्षमा मागितली, कारण बोललों होतों तें वर्गासमोर. मग रविवारीं तिच्या आईवडिलांशीं बोललों. भावानें पाणी आणि डबे आपल्याकडे घेतले. धाकट्यास न्हाऊं घालण्याचें काम वडिलांनीं पत्करलें, आणि आठवडाभर कुरकूर करून मग तें त्यांना आवडूं लागलें. मुलगी त्यानंतरहि कधीं कधीं उशिरा येई, पण पूर्वींइतकी नाहीं. आणि जो भाऊ एक दिवसहि उशिरा आला नव्हता तो त्या वर्षीं चार वेळां उशिरा आला. मीं त्यास दारांत अडविलें नाहीं. त्या चार दिवसांत त्यानें जें शिकून घेतलें तें माझ्या वर्गांत शिकवितां आलें नसतें.

लेखाच्या आरंभीं कपड्याच्या घडीविषयीं बोललों होतों. आपल्याकडील जुन्या बायका नऊवारी लुगड्याची घडी कशी घालीत हें तुमच्यांतील कित्येकांनीं पाहिलें असेल. एकटीस तें जड जाई. टोंक जमिनीवर लोळे, माती लागे, घडी वांकडी होई. म्हणून एक टोंक एकीनें आणि दुसरें दुसरीनें धरावयाचें, दोघींनीं ताणून सरळ करावयाचें, मग एकमेकींकडे चालत यावयाचें. घराचें वस्त्र नऊ वारांहून पुष्कळ मोठें आहे. त्याचें एक टोंक आईच्या हातीं आहेच. या आठवड्यांत दुसरें टोंक आपल्या घरांत कोणीं धरावयाचें, एवढें आज रात्रीं जेवणाच्या वेळीं ठरवा. परमेश्वर तुमच्या घरास शांति देवो.